माल एकाच कारखान्यातला, नाव वेगळे!

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षकांपैकी एकाने उपयोगी पडेल अशा विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्याकडे पद्धत आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी बी.ए., बी.एड. झालेला, मुलांना इतिहास आणि मराठी शिकवणारा मास्तर. तेव्हा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र किंवा मातृभाषेचे महत्त्व असा विषय मी निवडेन, असे आपणांस वाटले असेल. पण मी आज ड्रिल मशीनवर बोलणार आहे. हसू नका. या सभागृहात बसलेल्या पालकांत सुतार आहेत, फॅब्रिकेशनवाले आहेत, वायरिंग आणि नळकाम करणारे आहेत, मोटार वाइंडिंग करणारे आहेत. आपली काही मुले दहावी-बारावीनंतर आयटीआयला जातात, काही थेट वडिलांच्या हाताखाली उभी राहतात. या मुलांचे पहिले भांडवल म्हणजे दोन-तीन विजेची अवजारे: एक ड्रिल, एक ग्राइंडर, एक कटर. आई-वडील ते भांडवल भिशीतून उभे करतात, उसने घेतात, प्रसंगी दागिना गहाण ठेवतात. ज्या वस्तूवर मुलाची रोजी अवलंबून, ती घेताना मात्र आपण दुकानदाराच्या एका वाक्यावर विश्वास ठेवतो. ते वाक्य आपण सर्वांनी ऐकले असेल: "अहो, माल एकाच कारखान्यातला, फक्त नाव वेगळं!"

हे वाक्य आमच्या घराला महागात पडले, म्हणून त्याचा मी पिच्छा पुरवला.

मी बी.एड.ला होतो. अब्बा नव्हते. घर थोरले भाईजान चालवत आणि माझी फीही तेच भरत. ते फर्निचरचे सुतार. त्यांचे जुने ड्रिल थकले म्हणून अम्मीच्या भिशीचे पैसे आल्यावर आम्ही दोघे नवे मशीन घ्यायला शहरात गेलो. दुकानात नावाजलेल्या कंपनीचे एक मशीन होते. त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत दुसरे एक होते: चकचकीत बॉडी, विलायती वाटेल असे नाव आणि खोक्यावर पहिल्यापेक्षा जास्त वॅटचा आकडा. भाईजान घुटमळले. तेव्हा दुकानदाराने ते वाक्य उच्चारले. मी शिकलेला म्हणून भाईजानांनी माझ्याकडे पाहिले, आणि मीही मान डोलावली.

एका लग्नघरचे काम चालू होते. भिंतीला कपाटे ठोकायची होती. एकोणिसाव्या दिवशी काँक्रीटमध्ये भोक पाडताना मशीनमधून धूर निघाला आणि ते बंद पडले. दुकानदार म्हणाला, "आर्मेचर मिळत नाही, नवंच घ्या." लग्नाची तारीख तर थांबणार नव्हती. भाईजानांनी रोजच्या भाड्याने दुसरे मशीन आणले, आणि माझ्या परीक्षेच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. फी मागाहून दंडासह भरली.

जळालेले मशीन आम्ही वाइंडिंग करणाऱ्या मामूंकडे नेले. त्यांनी ते उघडले, आर्मेचर बाहेर काढले आणि ब्लेडने एक तार हलकेच खरवडली. वरून तार तांबडी होती, आतून पांढरी निघाली. मामू एवढेच म्हणाले, "ही तांब्याची नाही. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा आहे."

त्या दिवसापासून मला प्रश्न पडला. दुकानदार खोटे बोलला की खरे? जसजसे वाचत गेलो, कारागिरांना विचारत गेलो, तसतसे ध्यानात आले की ते वाक्य अर्धे खरे आहे. आणि अर्धे खरे वाक्य पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त फसवते.

वाक्याची खरी बाजू

प्रथम खरा भाग पाहू. इतिहासाचा शिक्षक असल्याने थोडा इतिहास सांगतो.

हातात धरून चालवायचे विजेचे ड्रिल जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन कंपनीने १८९५ साली बनवले. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघांनी १९१० साली कारखाना काढला. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा चाप असलेल्या ड्रिलचे पेटंट त्यांना १९१७ साली मिळाले. आज आपण जे मशीन हातात धरतो, त्याची ठेवण तीच आहे. त्या काळी नाव आणि कारखाना या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. खोक्यावर ज्याचे नाव, माल त्याचाच.

पुढे हे चित्र पालटले. डीवॉल्ट ही १९२४ साली निघालेली स्वतंत्र अमेरिकन कंपनी. ती ब्लॅक अँड डेकरने १९६० साली विकत घेतली. दरम्यान ब्लॅक अँड डेकरचे नाव घरगुती उपकरणांवर इतके दिसू लागले की धंदेवाईक कारागीर ते नाव घरवापराचे समजू लागले. तेव्हा कंपनीने १९९२ साली डीवॉल्टचे जुने नाव नव्याने पुढे आणले, त्याला पिवळा रंग दिला आणि ही अवजारे रोज काम करणाऱ्यांसाठी आहेत असे सांगितले. मालक एक, नावे दोन, गिऱ्हाईक दोन प्रकारचे. पुढे २०१० साली स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर या कंपन्या एकत्र झाल्या.

क्राफ्ट्समन या नावाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सिअर्स या अमेरिकेतील मोठ्या दुकानदार कंपनीने १९२७ साली हे नाव घेतले. सिअर्स स्वतः अवजारे बनवत नसे. वेगवेगळे कारखानदार माल बनवून देत आणि त्यावर क्राफ्ट्समन हे नाव पडे. अमेरिकेतील कितीतरी घरांत हे नाव पिढ्यान् पिढ्या विश्वासाचे होते. पण माल बनवणारा मात्र वस्तूगणिक आणि काळागणिक बदलत असे. २०१७ साली हे नावही स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने विकत घेतले. म्हणजे स्टॅनली, ब्लॅक अँड डेकर, डीवॉल्ट आणि क्राफ्ट्समन ही चार नावे एका छताखाली आली.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. तेथे १९८५ साली टेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज ही कंपनी स्थापन झाली. दुसऱ्यांच्या नावाने माल बनवून देत ती वाढली. मिलवॉकी हे जुने अमेरिकन नाव तिने २००५ साली खरेदी केले. रिओबी हे मूळचे जपानी नाव. उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात त्या नावाची अवजारे हीच कंपनी बनवू लागली. रिजिड हे नाव आणखी तिसऱ्याच कंपनीचे. त्या नावाची नारिंगी विजेची अवजारेही हिनेच परवान्यावर बनवून दिली. लाल, हिरवा आणि नारिंगी असे तीन रंग दुकानात समोरासमोर स्पर्धक म्हणून उभे, आणि बनवणारे घर एक!

स्किल हे नाव करवतीसाठी प्रसिद्ध. ते १९९६ साली पूर्णपणे जर्मनीच्या बॉशकडे गेले, आणि त्याचा उत्तर अमेरिका व युरोपातील व्यवसाय पुढे चीनमधील नानजिंगच्या चेर्व्हॉन कंपनीने घेतला. जपानची हिताची कोकी ही कंपनी २०१७ साली हिताची समूहातून बाहेर पडली. हिताची हे नाव सोडणे भाग होते, म्हणून २०१८ पासून तिची अवजारे बहुतेक जगात हायकोकी आणि उत्तर अमेरिकेत मेटाबो एचपीटी या नावाने विकली जाऊ लागली.

याउलट एकच नाव अनेक कारखान्यांत बनते, असेही आहे. माकिता ही कंपनी १९१५ साली जपानच्या नागोया शहरात मोटारी दुरुस्त करणारे दुकान म्हणून सुरू झाली. ती आपला माल आपणच बनवते. पण तिचे कारखाने जपानबरोबर चीन, रोमानिया, ब्राझील अशा अनेक देशांत आहेत. तेव्हा "हे जपानी मशीन" असे म्हणताना ते जपानात बनले असेलच असे नाही.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, माझ्या चाचांच्या दुकानात मुंबईच्या मुलुंडला बनलेले रॅलीवुल्फचे जड ड्रिल होते. त्यातले वुल्फ हे नाव मूळचे इंग्लंडचे. पण मशीन मुंबईतल्या कामगारांनी बनवलेले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथेही कुलकर्णी पॉवर टूल्स, म्हणजे आजची केपीटी, ही कंपनी विजेची अवजारे बनवत आली आहे. तेव्हा चांगला माल विलायतेतच बनतो हा समज आपण प्रथम सोडून द्यावा.

आज तर बाजारात कितीतरी नावे अशी आहेत, की त्यांच्या मालकाचा स्वतःचा कारखाना नाही. परदेशातल्या कारखान्याने तयार केलेल्या नमुन्यांतून एक निवडायचा, रंग सांगायचा, नाव छापून घ्यायचे आणि माल मागवायचा. यात बेकायदा काही नाही. पण यामुळेच दुकानदाराचे ते वाक्य पटते.

वाक्याची दुसरी बाजू

आता ते वाक्य कोठे फसवते, ते पाहू.

आपण एकाच शिंप्याकडे शाळेचा गणवेशही शिवतो आणि लग्नाची शेरवानीही. दुकान तेच, मशीन तेच, हातही तोच. मग दोन्ही कपडे सारखे म्हणायचे का? कापड वेगळे, अस्तर वेगळे, टाके वेगळे, त्यावर घालवलेला वेळ वेगळा. गिऱ्हाईक म्हणाले, "इतक्यात बसवून द्या," तर शिंपी इतक्यातच बसवणार. कारखान्याचेही असेच आहे. मागणी देणारी कंपनी कारखान्याला कागद देते: तार कोणती, बेअरिंग कोणते, गिअर कोणत्या पोलादाचा, शंभरातून किती मशीन चालवून पाहायची, कितपत फरक चालेल. मालाचा दर्जा त्या कागदावर ठरतो. छप्पर एक असल्याने तो एक होत नाही.

मोठ्या कंपन्या तर हे उघडच सांगतात. बॉशची हिरवी अवजारे घरच्या हौशी कामासाठी आणि निळी अवजारे धंद्यासाठी असतात. दोन्हींवर नाव एकच, पण रोज आठ तास राबवायचे मशीन कोणते, ते कंपनीनेच रंगाने वेगळे दाखवले आहे.

हा फरक पोटात कोठे असतो? मामूंनी मला मशीन उघडून शिकवले, ते मी आपल्याला सांगतो.

पहिली गोष्ट आर्मेचर. मशीन चालते ते आर्मेचर आणि फील्ड यांच्यावर गुंडाळलेल्या तारेमुळे. तीच तार ॲल्युमिनियमची असली, तर तेवढ्याच जाडीत ती तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच वीज वाहून नेते. त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला ती जास्त तापते. ड्रिलची मोटर आत मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्याच टोकावरचा पंखा तिला गार ठेवतो. आपण जोर देऊन मशीन दाबले की फेरे कमी होतात, पंख्याची हवा कमी होते, आणि नेमका त्याच वेळी तारेतून प्रवाह जास्त जातो. चांगल्या तारेचे आणि चांगल्या वार्निशचे मशीन हा ताप काही काळ सोसते. हलके मशीन जळते. भाईजानांच्या मशीनचे नेमके हेच झाले.

दुसरी गोष्ट बेअरिंग. चांगल्या मशीनमध्ये आर्मेचर दोन्ही टोकांना बॉल बेअरिंगवर फिरते. स्वस्तात बऱ्याचदा त्याजागी बुश असतो. बुश वाईटच असे नाही. थोड्या कामाला तो चालतो. पण रोजच्या कामात तो झिजतो, चक हलू लागतो आणि भोक वाकडे पडते.

तिसरी गोष्ट गिअर आणि त्याचे घर. गिअरला चांगले पाणी दिलेले पोलाद असेल तर दात टिकतात. गिअरची पेटी धातूची असेल तर बेअरिंगची जागा उष्णतेने सैल होत नाही.

चौथी गोष्ट कार्बन आणि स्विच. काही मशीनांत कार्बन झिजत आला की मशीन आपोआप थांबते आणि आर्मेचर वाचते. काहींत ही सोय नसते. कार्बन संपून आतील स्प्रिंग आर्मेचरवर घासते, आणि थोड्या पैशांच्या कार्बनपायी सारे मशीन जाते.

पाचवी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे तपासणी. एकाच रांगेतून बाहेर पडलेल्या मालातून एक कंपनी नापास माल बाजूला काढायला सांगते, दुसरी खर्च वाचवते. त्यामुळे हलक्या नावाचे एखादे मशीन दहा वर्षे चालते आणि त्याचेच भावंड दहा दिवसांत बसते. शेजाऱ्याचे चालले म्हणून आपलेही चालेल, याची खात्री तेथे नसते.

वॅटच्या आकड्याबद्दल एक शब्द. तो आकडा साधारणपणे मशीन वीज किती खाते ते सांगतो. काम किती देते ते नव्हे. जो माणूस जास्त जेवतो तो जास्त काम करतोच, असे थोडेच आहे?

दोन नावे, पण वस्तू खरोखर एक

पण एवढ्यावरून महाग तेच चांगले असा अर्थ कोणी काढू नये. तीही तितकीच मोठी फसगत आहे. काही वेळा नाव दोन आणि वस्तू खरोखर एकच असते. मघाशी सांगितलेली हायकोकी आणि मेटाबो एचपीटी ही एकाच कंपनीच्या मालाची दोन बाजारांतली नावे आहेत.

बॅटरीवरच्या मशीनचे उदाहरण घ्या. एकावर १८ व्होल्ट लिहिलेले असते, दुसऱ्यावर २० व्होल्ट मॅक्स. गिऱ्हाइकाला वाटते, वीसवाले जोरदार. वस्तुतः दोन्हींच्या आत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा कामाच्या वेळचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. नुकताच चार्ज केलेला सेल सुमारे ४ व्होल्ट दाखवतो. पाच गुणिले ४ म्हणजे २०. डीवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकली जाते, तिच्याच जातीची युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकली जाते. सहावीच्या मुलाला येणारा हा गुणाकार आहे. पण तो दुकानात करायचे आपल्याला सुचत नाही.

आणि ज्याला वर्षातून चार वेळा घरात खिळा-पडद्याचे काम करायचे आहे, त्याने धंद्याचे महाग मशीन घेऊन फळीवर ठेवणे हाही पैशाचा अपव्ययच. घरवापराचे मशीन हे फसवे मशीन नव्हे. ते घरवापराचे आहे हे सांगून विकले, तर तो प्रामाणिक माल आहे. फसवणूक होते ती ते रोजच्या कारागिराच्या हातात "तोच माल" म्हणून दिले तेव्हा. म्हणून पहिला प्रश्न कोणते नाव हा नाही. मी हे मशीन रोज किती तास आणि कशावर चालवणार, हा आहे.

दुकानात गेल्यावर

पालकांनो, आता सरळ उपयोगाच्या काही गोष्टी सांगतो. मुलांनी त्या वहीत लिहून घ्याव्यात.

एक: खोके वाचा. २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे खोक्यावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना व वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. बाहेरून आलेला माल असेल तर देशाचे नावही. बनवणारा आणि विकणारा ही दोन वेगळी नावे असली तर घाबरू नका. पण दोन्हीपैकी एकाचाही पत्ता नसेल तर ते खोके परत ठेवा.

दोन: सुटे भाग आधी विचारा. आर्मेचर, कार्बन, स्विच, बेअरिंग मिळेल का? कोठे मिळेल? दुरुस्तीचे केंद्र आपल्या गावापासून किती लांब? या प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्या दुकानातून स्वस्त मशीन आणणे म्हणजे ते बिघडेल त्या दिवशी फेकण्यासाठीच आणणे होय. माझ्या मते कारागिरासाठी नावाचा सर्वांत मोठा फायदा हाच. चांगले नाव म्हणजे पाच वर्षांनीही मिळणारे आर्मेचर.

तीन: हाताने पाहा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घेणारा जाणकार आधी भोपळ्यावर टिचकी मारतो, तारा छेडून कान लावतो आणि मगच किमतीचे विचारतो. आपणही तसेच करावे. मशीनची पिन काढलेली असताना चक धरून आडवा-उभा हलवून पाहा. सैल लागला तर नको. मग चालू करून ऐका. घासल्यासारखा आवाज, जास्त थरथर किंवा आत मोठ्या ठिणग्या दिसल्या तर नको. जळका वास आला तर अजिबात नको. जास्त वजन म्हणजे मजबुती, असे मात्र समजू नका.

चार: कार्बन बाहेरून काढता येतो का, ते पाहा. बॉडीच्या दोन्ही बाजूंना स्क्रूची झाकणे असली की बदलणे सोपे जाते.

पाच: पक्के बिल घ्या आणि हमीच्या कार्डावर शिक्का मारून घ्या. बिलाचे शंभर-दोनशे वाचवायला गेलो, तर मशीन बिघडल्यावर आपल्या तोंडाला पुरावा राहत नाही. नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून काढलेला नकली मालही बाजारात असतो. फोनवर मागवताना तर जास्त जपावे.

सहा: बॅटरीचे मशीन घेताना आज एकाचा विचार करू नका. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, मग दोघांचा मालक एक का असेना. पहिले ड्रिल घेताना आपण पुढच्या पाच मशीनांची बॅटरीही ठरवत असतो.

सात, आणि हे सर्वांत महत्त्वाचे: ग्राइंडरच्या बाबतीत स्वस्ताई करू नका. लहान हातग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो. त्यावर लावायच्या चकतीवर तिच्या वेगाची मर्यादा छापलेली असते. ती मशीनच्या वेगापेक्षा कमी असली तर चकती फुटते. संरक्षक कव्हर काढून टाकणारा आणि चष्मा न लावणारा कारागीर मी रोज पाहतो. मशीन जळले तर पैसे जातात, पण डोळा गेला तर कोणत्या दुकानात सुटा भाग मिळणार?

शेवटी दोन शब्द

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, आम्ही शिकून नोकरी करणार, आम्हाला याचे काय? मीही शिकलेलाच होतो. त्या दुकानात माझ्या खिशात पदवी होती, खोक्यावरचा प्रत्येक शब्द मला वाचता येत होता, आणि तरी मी मान डोलावली. फारशी शाळा न पाहिलेल्या मामूंनी मात्र तार खरवडून पाहिली. वाचता येणे आणि खरवडून पाहणे या दोन्ही गोष्टी एका माणसात आल्या, तर त्याला फसवणे कठीण आहे. तुमच्यापैकी जे आयटीआयला जातील, त्यांच्याकडून माझी ही अपेक्षा आहे. तेथे जाणे म्हणजे शिक्षण सुटले असे नव्हे. आणि जे माझ्यासारखे बी.ए. करतील, त्यांनी आपल्या घरातील कारागिराबरोबर एकदा तरी दुकानात जावे, पण पाटी वाचून, प्रश्न विचारून. मान डोलवायला नव्हे.

भाईजानांनी पुढे जुने ड्रिल मामूंकडून तांब्याच्या तारेने भरून घेतले आणि त्यावर दोन वर्षे काढली. मग पैसे साठवून नवे घेतले. त्या वेळी तासभर ते दुकानदाराला प्रश्न विचारत होते आणि मी गप्प उभा होतो. ते मशीन आजही चालू आहे. त्याचे आर्मेचर एकदा बदलले, आणि ते आपल्याच तालुक्याच्या गावी मिळाले.

जळालेले आर्मेचर भाईजानांनी टाकले नाही. त्यांच्या दुकानात ते खिळ्याला टांगलेले असते. आज मागून आणले आहे. हे पाहा. मुलांनो, हे शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. मामूंनी खरवडलेली जागा अजून दिसते. वरून तांबडे आहे, आतून पांढरे आहे. प्रत्येकाने बोट लावून पाहा आणि मग पुढच्याला द्या.